वळणातून गाडी सुटते तेव्हा : मातीच्या शर्यतीचा हिशोब आणि आपल्या मिस्त्रींचा हुनर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. मालेगावहून कापडाच्या गाठी घेऊन आमचा टेम्पो आला, उस्मानपुऱ्यात माल उतरला आणि ड्रायव्हर रात्रीच रिकामी गाडी घेऊन परत निघाला. कन्नडच्या पुढे औट्रम घाटात एका वळणावर घात झाला. वळण संपत आले होते, पुढचा सरळ रस्ता दिसू लागला होता. त्याने रेस दिली आणि मागची चाके बाजूला सरकली. टेम्पो कठड्याला घासत थांबला. ड्रायव्हरचा हात मोडला, पण खुदाची मेहेरबानी की जीव वाचला.

मी सवयीप्रमाणे त्यालाच बोल लावला. "भरलेली गाडी कधी घसरली नाही, रिकामी कशी घसरली? झोप लागली असेल." तो बिचारा एवढेच म्हणाला, "सेठ, मी जागा होतो. मागून गाडी नाचली."

टेम्पो दुरुस्तीला आला तेव्हा आमच्या जुन्या मिस्त्रींनी गाडीखाली एक नजर टाकली आणि मला बाजूला घेतले. म्हणाले, "सेठ, चूक पोराची नाही. चूक तुमच्या जादा पाट्यांची आहे." सहा महिन्यांपूर्वी चार गाठी जास्त बसाव्यात म्हणून मागच्या कमानीत दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे मीच वाढवून घेतले होते. ते काम दुसरीकडे झाले होते. करणाऱ्याने काही विचारले नाही आणि मीही काही सांगितले नाही.

हे मिस्त्री तरुणपणी नाशिककडे रॅलीच्या गाड्यांवर काम करून आलेले. त्या दिवशी त्यांनी चहा पिता पिता मला जो हिशोब समजावला, तो मातीच्या शर्यतीतला होता. मी कापडाचा माणूस, पण हिशोब म्हटला की कान टवकारतातच. आपले अनेक बांधव गॅरेज, पाटे, वेल्डिंग आणि टायरच्या धंद्यात आहेत. त्यांच्यासाठी तो हिशोब येथे मांडतो आहे.

मातीची शर्यत आपल्याला परकी नाही

मोटारींची शर्यत म्हटली की लोकांना परदेशातले गुळगुळीत ट्रॅक आठवतात. पण मातीवरच्या शर्यतीची परंपरा आपल्याकडेही आहे. १९८० साली हिमालयन रॅली सुरू करणारे नझीर हुसेन हे मुंबईचे. मुंबईच्या आसपास नव्वदच्या दशकापासून पावसाळ्यात चिखलातून स्कूटर रॅली होत आली आहे. २०१० च्या दशकात नाशिकच्या परिसरातल्या मातीच्या रस्त्यांवर राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या. नाशिकच्याच शमीम खान या स्वाराने मातीच्या ट्रॅकवर आणि स्कूटर रॅलीत नाव कमावले. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, तेव्हा मैदानात ट्रकच्या ट्रक माती आणून ट्रॅक तयार करावा लागला.

आणि आपले शहर? १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागे सुट्या भागांचे कारखाने आले. दुचाकी आणि तीनचाकीचे शॉकअप बनवणारी एन्ड्युरन्स ही कंपनी येथलीच. शॉकअपमधले जुने नाव असलेल्या गॅब्रिएलची सुरुवात १९६१ साली मुंबईत मुलुंडला झाली, आणि तिचा कारखाना नाशिकलाही आहे. म्हणजे माल आपल्या अंगणात बनतो, तो बसवणारे आणि दुरुस्त करणारे हातही आपलेच आहेत. कमी आहे ती हिशोबाची.

वळणाचे तीन भाग

मिस्त्रींनी पहिला धडा दिला तो असा. वळण एक नसते, तीन असतात. पहिला भाग आत शिरण्याचा, तेथे ब्रेक लागतो आणि वजन पुढे जाते. दुसरा मधला, तेथे गाडी नुसती वळत असते आणि वजन बाहेरच्या बाजूला जाते. तिसरा बाहेर पडण्याचा, तेथे रेस दिली जाते आणि वजन मागे जाते.

शर्यत जिंकली किंवा हरली जाते ती बहुतेक वेळा तिसऱ्या भागात. कारण वळणानंतर सरळ पट्टा येतो. वळणातून जो जास्त वेगाने बाहेर पडला, त्याला तो वेग पूर्ण पट्टाभर पुरतो. आणि अपघातही बऱ्याचदा येथेच होतो, कारण चाके अजून पूर्ण सरळ झालेली नसतात आणि पाय मात्र रेसवर गेलेला असतो. एकाच टायरकडून आपण दोन कामे मागतो : गाडीला बाजूने धरून ठेव आणि पुढेही ढकल. मातीवर टायरची ताकद आधीच कमी, त्यात दोन मालक. मग तो कोणाचेच काम नीट करत नाही.

वजनाचा हिशोब

आता आकडे घेऊ. रॅलीत वर्षानुवर्षे चाललेली आपल्याकडची गाडी म्हणजे मारुती जिप्सी. १९८५ मध्ये आलेली ही गाडी, पुढे-मागे सरळ एक्सल आणि चारही कोपऱ्यांना पाटे. दोन माणसे, पेट्रोल आणि लोखंडी पिंजरा धरून गाडीचे वजन १२०० किलो समजा. वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच, पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर २४० सेंटिमीटर, डाव्या-उजव्या चाकांत १३० सेंटिमीटर.

वळणातून निघताना गाडीला पृथ्वीच्या ओढीच्या ०.३ पट जोर मिळाला, तर १२०० गुणिले ०.३ गुणिले ६० भागिले २४०, म्हणजे ९० किलो भार पुढच्या चाकांवरून उतरून मागच्या चाकांवर जातो. वळणात बाजूचा जोर ०.५ पट असेल, तर त्याच रीतीने सुमारे २७७ किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो.

येथे बहुतेकांची गल्लत होते. लोक म्हणतात, स्प्रिंग कडक केली की वजन सरकणार नाही. तसे होत नाही. एकूण किती भार सरकणार हे वजन, उंची, अंतर आणि जोर यांवर ठरते. स्प्रिंग कडक केल्याने गाडी झुकताना कमी दिसेल, पण ते ९० आणि २७७ किलो सरकायचे ते सरकणारच. कमी करायचे असेल तर गाडी खाली घ्या, वजन खाली आणा किंवा चाके रुंद बसवा.

मग स्प्रिंग करते काय? ती एवढेच ठरवते की बाजूला सरकणाऱ्या त्या २७७ किलोंपैकी किती पुढच्या एक्सलने उचलायचे आणि किती मागच्या. जी बाजू कडक, ती जास्त उचलते. आणि शॉकअप ठरवतो की भार किती लवकर सरकायचा. सगळे ट्यूनिंग या दोन वाक्यांत आहे.

उधारीचा दाखला

जास्त भार उचलणे चांगले की वाईट? हे मला कापडाच्या धंद्यातून पटकन कळले. दोन गिऱ्हाइकांना पाच-पाच थान उधार दिले तर दोघांकडून वसुली नीट होते. एकाला नऊ आणि दुसऱ्याला एक दिले तर थान दहाच राहतात, पण नऊवाल्याकडून पूर्ण वसुली होत नाही.

टायरचेही तसेच आहे. भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच होते. म्हणून एका एक्सलच्या दोन चाकांवर भार जितका समान, तितकी त्या एक्सलची एकूण पकड जास्त. जो एक्सल कडक केला, त्याच्या बाहेरच्या चाकावर बोजा वाढतो, आतले चाक हलके होते आणि त्या टोकाची पकड घटते.

त्यात साधी हाउसिंग असेल तर आणखी एक अडचण. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि तो जोर हलक्या चाकाला पेलेल तेवढाच असतो. आतले चाक जागेवर फिरू लागले की बाहेरच्या चाकालाही काही मिळत नाही. इंजिन ओरडते, धूळ उडते आणि गाडी जागीच राहते.

कोणत्या गाडीला काय करावे

मागची चाके ओढणारी गाडी वळणातून निघताना मागून घसरत असेल, तर मागची बाजू थोडी नरम करा किंवा पुढची थोडी कडक करा. उलट, रेस दिल्यावर नाक बाहेरच जात असेल आणि स्टेअरिंग ऐकत नसेल, तर पुढची बाजू नरम करा किंवा मागची कडक करा.

एस्टीम किंवा पोलोसारखी पुढची चाके ओढणारी गाडी असेल तर दुखणे वेगळे असते. रेस दिली की ९० किलो भार नेमका ओढणाऱ्या चाकांवरूनच उतरतो. तेथे पुढची बाजू झुकायला नरम आणि मागची कडक ठेवतात, म्हणजे पुढची दोन्ही चाके जमिनीला चिकटून राहतात. अशी गाडी वळणात मागचे आतले चाक हवेत उचलते. बघणाऱ्याला वाटते की गाडी बिघडली, पण ते चाक ओढत नसते, त्यामुळे ते उचलले तरी फारसे बिघडत नाही.

जिप्सीची चारही चाके लावली की पुढचा आणि मागचा एक्सल एकाच फेऱ्याने बांधले जातात. सुटताना ओढ उत्तम, पण वळणाच्या मध्यात गाडी सरळ जायला बघते. म्हणून तिची मागची बाजू पुढच्यापेक्षा फार नरम करून चालत नाही.

पाट्यांचा हिशोब

पाट्यांचे काम करणाऱ्या बांधवांनी हा भाग नीट वाचावा. कमानीचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. पाच सारख्या पाट्यांतून एक काढला तर सुमारे २० टक्के नरमपणा येतो. पण जाडीचा हिशोब तिपटीने गुणला जातो : जाडी गुणिले जाडी गुणिले जाडी. ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा टाकला तर तो पाटा सुमारे ५९ टक्के कडक होतो. दिसायला एक मिलिमीटर, अंगावर येतो दीडपटीने. "थोडा जाड घातला, काय होते?" असे म्हणणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

गोल स्प्रिंगचा हिशोब आणखी तिखट आहे. तारेची जाडी चार वेळा गुणली जाते. १२ ऐवजी १३ मिलिमीटर तार म्हणजे सुमारे ३८ टक्के जास्त कडक. आणि गाडी खाली घेण्यासाठी सहा चालू वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग नरम होत नाही, २० टक्के कडक होते. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणे तर पापच समजावे. पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी उतरते, आणि ती स्प्रिंग पुढे कधी बसेल किंवा तुटेल याचा भरवसा राहत नाही.

पाट्यांत आणखी एक खोड आहे. जोरात रेस दिली की एक्सल स्वतःभोवती पिळला जातो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, मग सुटतो, पुन्हा वाकतो. चाक टप-टप उड्या मारते. यू-बोल्ट ढिले असतील, सेंटर बोल्ट झिजला असेल किंवा बुश गेले असतील तर ही उडी वाढते. म्हणून शर्यतीच्या गाडीत एक्सलपासून चासीपर्यंत रॉड देऊन हा पीळ रोखतात. पण रॉड बसवण्याआधी बुश आणि यू-बोल्ट तपासा. निम्मे दुखणे तेथेच बरे होते. पाट्यांमधला गंज घासून ग्रीस लावले तरी कमान मोकळी चालते, नाहीतर पाटे एकमेकांत अडकून दगडासारखे वागतात.

शॉकअप : बसताना आणि उठताना

शॉकअपची दोन कामे आहेत. स्प्रिंग बसताना अडवणे आणि उठताना अडवणे. वळणातून निघताना मागची बाजू बसते आणि पुढची उठते. म्हणजे त्या क्षणी काम करतात ते मागच्या शॉकअपचे बसणे आणि पुढच्या शॉकअपचे उठणे.

खड्ड्यांच्या मातीवर मागचे बसणे फार कडक ठेवले तर चाक प्रत्येक दगडावरून उडते, आणि हवेतले चाक गाडीला ढकलत नाही. फार नरम ठेवले तर शेपूट बसून गाडी तळाला आपटते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत पुढचे उठणे थोडे कडक केले तर नाक सावकाश उठते आणि ओढ थोडी टिकते. पण ते जास्त झाले तर ओळीने खड्डे आल्यावर स्प्रिंगला परत उघडायला वेळच मिळत नाही. गाडी दर खड्ड्याला खाली खाली बसत जाते.

साध्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकत्र असतात. लांब खडबडीत फेरीत तेलाला फेस येतो आणि शॉकअप सुस्त पडतो. पहिल्या फेरीत गाडी ठीक आणि पाचव्या फेरीत नाचरी, असे झाले की स्प्रिंगला हात लावू नका, शॉकअप हाताने चाचपा. तो तापलेला सापडेल.

अमेरिकेची नक्कल नको

अमेरिकेत मातीचे अंडाकृती ट्रॅक आहेत आणि गाड्या फक्त डावीकडे वळतात. म्हणून ते चारही चाकांखाली काटे ठेवून वजन मुद्दाम वाकडे वाटतात. मागचे डावे आणि पुढचे उजवे चाक मिळून जास्त भार घेतील अशी स्प्रिंगची बैठक पेचाने फिरवतात. त्यामुळे डाव्या वळणातून निघताना मागचे डावे चाक धरते. ते प्रमाण वाढले तर गाडी वळायलाच नकार देते. मागचे उजवे टायरही ते डाव्यापेक्षा घेराने मोठे घालतात, म्हणजे गाडी आपोआप डावीकडे वळते.

आपल्याकडच्या ऑटोक्रॉस आणि रॅलीत वळणे दोन्हीकडे असतात. तेथे ही युक्ती केली तर गाडी डावीकडे घोडा आणि उजवीकडे गाढव होईल. आपल्याला दोन्ही बाजू समान हव्यात. त्यासाठी महागडी यंत्रे नकोत. भंगारवाल्याकडचा ५०० किलोचा काटा एकेका चाकाखाली ठेवा आणि बाकीच्या तीन चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या द्या. जमीन सपाट असावी आणि ड्रायव्हर सीटवर बसलेला असावा. चार आकडे वहीत आले की गाडीचे अर्धे दुखणे समोर दिसते.

एका वेळी एकच बदल

मिस्त्रींचा शेवटचा नियम सर्वांत सोपा, आणि पाळायला सर्वांत अवघड. एका वेळी एकच बदल. टायरची हवा बदलली असेल तर पाटे तसेच ठेवा. शॉकअप फिरवला असेल तर हवा तशीच ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशामुळे ते कळत नाही, आणि बिघडली तरी कळत नाही.

सुरुवात हवेपासून करावी, कारण ती फुकट आहे. मग बुश आणि बोल्ट, मग शॉकअप आणि सर्वांत शेवटी स्प्रिंग. आणि माती बघत राहावी. सकाळी पाणी मारलेला मुरूम धरून ठेवतो, दुपारी तोच मुरूम वरून भुसभुशीत आणि खाली घासून गुळगुळीत होतो. काळी माती ओली झाली तर टायरच्या खाचा भरून टाकते. सकाळची गाडी दुपारी तशीच चालेल हा हट्ट धरू नये.

आपल्या धंद्यात याचा उपयोग काय?

कोणी विचारेल, आपल्या उस्मानपुऱ्यात शर्यतीच्या गाड्या किती येतात? फार नाही. पण भाजीचा पिकअप येतो, कापडाचा टेम्पो येतो, शाळेची व्हॅन येते, रिक्षा येते. प्रत्येकाचा मालक म्हणतो, "मागून जरा कडक करून द्या, माल जास्त बसला पाहिजे." आणि आपण करून देतो. माझ्या टेम्पोचे हेच झाले. जादा पाट्यांमुळे रिकाम्या गाडीची मागची बाजू दगड झाली. वळणातला बाजूचा भार पुढच्यापेक्षा मागच्या एक्सलवर आला, आतले चाक हलके पडले, ओल्या खडबडीत रस्त्यावर चाके उडाली आणि त्याच वेळी रेस मिळाली. भरलेल्या गाडीत माल चाकांना दाबून ठेवायचा, म्हणून दोष झाकलेला होता.

त्यामुळे कारागीर बांधवांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, गाडी कडक करण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा की ती रिकामी किती चालते. दुसरी, वही ठेवा. कोणत्या गाडीत किती पाटे, किती जाडीचे, कोणत्या दिवशी बसवले हे लिहा. ज्याच्या वहीत आकडे आहेत, तो मजुरीचा भाव ठामपणे सांगू शकतो, आणि त्याचा शागीर्द निम्म्या काळात तयार होतो. नुसत्या अंदाजावर चालणारा हुनर उस्तादाबरोबरच कबरीत जातो. तिसरी, कायदा ध्यानात ठेवा. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने बंधने घातली आहेत. शर्यतीच्या गाडीतले प्रयोग शर्यतीच्या गाडीतच ठेवा.

आणि माझ्यासारख्या व्यापाऱ्यांनाही एक गोष्ट सांगतो. चार गाठी जास्त बसवून महिन्याला जे वाचवले, ते ड्रायव्हरच्या प्लास्टरमध्ये आणि टेम्पोच्या पत्र्यात एका रात्रीत गेले. ते पाटे त्याच आठवड्यात उतरवले. माल आता दोन खेपांत येतो. ड्रायव्हर बरा होऊन परत कामावर आला, तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "सेठ, आता वळणातून निघताना गाडी मागे मागे येत नाही, सरळ पुढे जाते."